आधी काय, नंतर काय : माहितीपर लेखनातील घटनाक्रमाचे अध्यापन

लहान मुलास गोष्ट सांगितली की ती त्याच्या मनात क्रमाने राहते. कोल्ह्याने काय केले, मग काय झाले, शेवटी त्याची फजिती कशी झाली, हे ते न चुकता सांगते. तेच मूल पुढे सातवीत इतिहासाचे किंवा भूगोलाचे एखादे पान वाचते, शब्द ओळखते, वाक्ये नीट उच्चारते. परंतु ‘ह्यांतील कोणती गोष्ट आधी घडली?’ असे विचारताच पानावर जी गोष्ट आधी छापलेली आहे तीच आधी घडली, असे सांगून मोकळे होते. वाचन झालेले असते, आकलन झालेले नसते. ही उणीव अनेकदा लक्षातही येत नाही. कारण परीक्षेतील बहुतेक प्रश्न एकेका वाक्यातून उत्तर उचलता येईल असेच असतात.

गोष्टीत आणि माहितीपर लेखनात एक मूलभूत भेद आहे. लोककथा बहुधा जसे घडले तसे सांगत जाते. माहितीपर लेखन मात्र विषयाच्या सोयीने चालते. लेखक आजच्या स्थितीपासून आरंभ करतो, तिचे कारण सांगण्यासाठी मागे जातो, मध्येच एखाद्या पद्धतीचे वर्णन करतो, आणखी मागे जातो आणि एका उडीत वर्तमानकाळात परत येतो. घटना घडण्याचा क्रम आणि त्या सांगितल्या जाण्याचा क्रम असे दोन वेगळे क्रम येथे असतात. ह्यांखेरीज तिसराही एक क्रम असतो, तो म्हणजे घटना कळण्याचा. अठराव्या शतकात घडलेली एखादी गोष्ट एकोणिसाव्या शतकातील एखाद्या लेखकाने नोंदविली म्हणून ज्ञात झालेली असते. हे तीन क्रम एकमेकांपासून वेगळे करता येणे, हेच घटनाक्रमाच्या आकलनाचे मर्म होय.

मुलांची काळाविषयीची समज

काळाची कल्पना मूल जन्मतः घेऊन येत नाही. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झां पियाजे ह्यांनी १९४६ साली मुलांच्या कालविषयक कल्पनांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२८ साली दाव्होस येथे आल्बर्ट आइन्स्टाइन ह्यांनी विचारलेल्या प्रश्नांतून ह्या संशोधनास प्रेरणा मिळाली, असे त्यांनी नमूद केले आहे. लहान मुले अंतर आणि काळ ह्यांची गल्लत करतात, जो उंच तो वयाने मोठा असे समजतात, आणि ‘आधी-नंतर’ व ‘जास्त वेळ-कमी वेळ’ ह्या कल्पनांचा परस्परांशी मेळ त्यांना हळूहळूच घालता येतो, असे पियाजे ह्यांना आढळले. १९७१ साली ईव्ह क्लार्क ह्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ‘आधी’ व ‘नंतर’ ह्या शब्दांच्या आकलनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ह्या शब्दांचा अर्थ पक्का होण्यापूर्वी मुले वाक्यात जे प्रथम ऐकतात तेच प्रथम घडले असे मानतात, असे त्यातून दिसून आले.

सातवीतील विद्यार्थी ह्या अवस्थेच्या पुष्कळ पुढे गेलेला असतो. तथापि मजकूर अपरिचित असला, वाक्ये लांब असली किंवा भाषा घरच्या बोलीहून वेगळी असली, की तोही जुन्या सवयीकडे वळतो. तेव्हा अध्यापकाने ह्या चुकीस आळस किंवा मंदबुद्धी समजू नये. ही एक स्वाभाविक वाट आहे. दुसरी वाट दाखविली तर ती सुटते.

भाषेतील खुणा

घटनाक्रम दाखविणाऱ्या खुणा भाषेतच असतात. त्या उघड करून दाखविणे हे अध्यापनाचे पहिले काम होय. मराठी वाचकाच्या सोयीसाठी येथे मराठीतील उदाहरणे घेतली आहेत.

मराठीत ‘-ऊन’ प्रत्यय लागलेली रूपे घटना बहुधा घडल्या क्रमानेच मांडतात. ‘खंदक तपासून, दोर आवळून माहूत रानात शिरले’ ह्या वाक्यात सांगण्याचा आणि घडण्याचा क्रम एकच आहे. कन्नड भाषेतही अशी धातुसाधिते विपुल आहेत, त्यामुळे ही रचना तेथील मुलासही परिचयाची असते. परंतु ‘रानात शिरण्यापूर्वी माहुतांनी खंदक तपासला’ असे म्हटले की क्रम उलटतो. शिरणे आधी सांगितले आहे, पण ते घडले नंतर. अशी वाक्ये माहितीपर लेखनात, आणि विशेषतः अनुवादित लेखनात, वारंवार येतात. ‘-ऊन’ ह्या प्रत्ययावरही आंधळा विश्वास ठेवून चालत नाही. ‘तो हसून म्हणाला’ ह्यात हसणे आधी संपले असा अर्थ नसतो.

दुसरी खूण क्रियापदाच्या रूपाची. ‘प्रयत्न केला’ आणि ‘प्रयत्न केला होता’ ह्यांतील ‘होता’ हा लहानसा शब्द वाचकास मागे नेतो. ज्या काळाविषयी बोलणे चालले आहे त्याच्याही आधीची ही गोष्ट, असे तो सुचवितो. ‘तेथे एक किल्ला होता’ ह्यातील ‘होता’ मात्र हे काम करीत नाही. तेथे तो केवळ अस्तित्व सांगतो. हा भेद मुलांना व्याकरणाच्या परिभाषेत सांगण्याचे कारण नाही. दोन-चार वाक्ये शेजारी ठेवली की तो त्यांच्या ध्यानी येतो.

तिसरी खूण सर्वांत फसवी आहे. ‘१९७४ पूर्वी’ हे शब्द निश्चित आहेत, परंतु ‘शंभर वर्षांपूर्वी’ हे शब्द तसे नाहीत. कोणापासून शंभर वर्षे? वाचणाऱ्यापासून की लिहिणाऱ्यापासून? जुने पुस्तक वाचताना त्याच्या प्रकाशनाचे वर्ष पाहिल्यावाचून ह्या शब्दांचा अर्थ लागत नाही. ‘आज’, ‘अलीकडे’, ‘गेल्या शतकात’ ह्या शब्दांचेही तसेच. चौथी खूण एकवार घडलेली घटना आणि वारंवार होणारी गोष्ट ह्यांतील भेदाची. ‘खेड्डे होत असत’ ही एक घटना नव्हे. कालरेषेवर तिला टाचणी टोचून चालणार नाही.

एक परिसर आणि एक उतारा

हे सर्व प्रत्यक्ष उदाहरणावाचून कळणे कठीण. उदाहरण मुलांच्या परिसरातील असेल तर अधिक चांगले. कारण तेथे पुस्तकातील उत्तर डोळ्यांनी आणि घरच्यांच्या आठवणींनी पडताळून पाहता येते. म्हैसूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, केरळच्या सीमेलगत असलेला एच. डी. कोटे तालुका ह्या दृष्टीने घेण्याजोगा आहे. हेग्गडदेवनकोटे हे त्याचे पूर्ण नाव. कबिनी, नुगू, तारक आणि हेब्बळ्ळ ही जलाशये, नागरहोळेचे अरण्य आणि जेनु कुरुब, काडु कुरुब, येरव, सोलिग ह्या आदिवासी जमातींच्या ‘हाडी’ म्हणजे वस्त्या, ही ह्या प्रदेशाची ओळख. सरगूर तालुका नंतर ह्यातूनच वेगळा काढण्यात आला. म्हणून जुन्या लेखनात ‘एच. डी. कोटे तालुका’ असा उल्लेख आला की तो आजच्याहून मोठ्या प्रदेशाचा असतो. नाव तेच, पण काळानुसार त्याचा अर्थ बदललेला, ही गोष्टही घटनाक्रमाच्या अभ्यासातच मोडते.

सातवी-आठवीच्या वर्गासाठी पुढील उतारा योजता येईल :

‘उन्हाळ्यात कबिनी जलाशयाचे पाणी ओसरले की हत्तींचे कळप काठावरील हिरव्या गवतावर उतरतात. हे जलाशय बीचनहळ्ळी येथील धरणामुळे निर्माण झाले; ते धरण १९७४ साली पुरे झाले. त्याच्या आधी काकनकोटेचे अरण्य खेड्ड्यासाठी प्रसिद्ध होते. खेड्डा म्हणजे हत्तींचा कळप हाकत आणून खंदकाने व कुंपणाने वेढलेल्या जागेत कोंडण्याची पद्धत. काकनकोटे येथील शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. म्हैसूर संस्थानात ही पद्धत जी. पी. सँडरसन ह्याने १८७४ साली चामराजनगरच्या बाजूस यशस्वी करून दाखविली. त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे हैदर अलीने काकनकोटेच्या रानात तसा प्रयत्न केला होता. तो फसला होता. ह्यापुढे हे काम कोणासही साधणार नाही, असे सांगणारा व प्रयत्न करणाऱ्यास शाप देणारा लेख त्याने शिळेवर कोरविला होता, असे सँडरसनने १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. जवळचे नागरहोळेचे अरण्य १९५५ साली अभयारण्य झाले आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्पात आले.’

उतारा लहान आहे, शब्द अवघड नाहीत. तरीही त्यात वाचकास सहा वेळा मागे-पुढे जावे लागते. अभ्यासासाठी तो योग्य आहे तो ह्याच कारणाने.

पाठाची मांडणी

पाठास दोन तासिका लागतात. साहित्य म्हणून जाड कागदाच्या पट्ट्या, एक लांब सुतळी आणि खडू एवढे पुरेसे आहे.

प्रथम उतारा मुकाट्याने वाचू द्यावा. नंतर एकच प्रश्न विचारावा : ह्यात घडलेल्या गोष्टी किती? उत्तरे निरनिराळी येतील आणि तशी ती यावीत. कोणी पहिले वाक्यही घटना म्हणून मोजेल. तेव्हा हत्ती काठावर उतरतात ही दर उन्हाळ्यात होणारी गोष्ट आहे, एकदाच घडलेली नव्हे, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. ‘खेड्डा म्हणजे…’ हे वाक्य तर घटना सांगतच नाही, ते अर्थ सांगते. अशी छाननी केल्यावर आठ घटना उरतात : हैदरचा प्रयत्न, शिळेवरील लेख, सँडरसनचे यश, त्याच्या पुस्तकाचे प्रकाशन, अभयारण्याची घोषणा, शेवटचा खेड्डा, धरणाची पूर्तता आणि व्याघ्र प्रकल्प. प्रत्येक घटना एकेका पट्टीवर लिहावी. वर्ष ठाऊक असेल तर तेही लिहावे. नसेल तर जागा रिकामी सोडावी.

दुसऱ्या टप्प्यात पट्ट्या क्रमाने लावावयाच्या. येथे गटागटांत मतभेद होतात आणि खरे शिक्षण त्याच वेळी होते. शिळालेखाची पट्टी पुष्कळ मुले १८७८ च्या शेजारी ठेवतील, कारण त्या वाक्यात तेवढाच आकडा आहे. अध्यापकाने उत्तर सांगू नये. ‘१८७८ साली काय झाले?’ एवढेच विचारावे. त्या साली लेख कोरला गेला नाही, पुस्तक प्रसिद्ध झाले. लेख कोरण्याचा काळ आणि त्याविषयी लिहिण्याचा काळ ह्यांत शंभर वर्षांचे अंतर आहे. आरंभी ज्या तिसऱ्या क्रमाचा, म्हणजे कळण्याच्या क्रमाचा, उल्लेख केला तो ह्या ठिकाणी मुलांच्या हाती लागतो. शिळालेखाच्या पट्टीवर कोपऱ्यात ‘सँडरसन सांगतो’ असे लिहावयास सांगावे. घटना कोणाच्या तोंडून कळली हे नोंदविण्याची सवय तेथूनच लागते.

तिसरा टप्पा अंतराचा. पट्ट्या केवळ एकाखाली एक मांडल्या तर सर्व घटना सारख्याच अंतराने घडल्या असा भास होतो. वर्गाच्या भिंतीलगत सुतळी ताणावी आणि दहा वर्षांस एक वीत असे प्रमाण धरावे. १७६० पासून २००० पर्यंत चोवीस विती, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर सुतळी लागते. आता १९७१ आणि १९७४ ह्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात, उलट १८७८ आणि १९५५ ह्यांच्यामध्ये जवळजवळ आठ विती सुतळी रिकामी राहते. ह्या रिकाम्या जागेत काहीच घडले नाही काय? घडले, पण ह्या उताऱ्याने ते सांगितले नाही. उताऱ्याचे मौन म्हणजे काळाचे मौन नव्हे, हा धडा मुलांना व्याख्यानाने पटत नाही. त्या रिकाम्या सुतळीने पटतो.

राहता राहिली हैदरच्या प्रयत्नाची पट्टी. तिचे वर्ष उताऱ्यात नाही. १८७४ मधून शंभर वजा केले तर १७७४ येते. पण ‘सुमारे’ हा शब्द तेथे आहे. इतिहासाच्या पुस्तकात पाहिले तर हैदर अलीच्या हाती म्हैसूरची सत्ता १७६१ च्या सुमारास आली आणि १७८२ साली त्याचा मृत्यू झाला. म्हणजे ही पट्टी एका बिंदूवर टाचून चालणार नाही. ह्या दोन वर्षांच्या दरम्यान ती लोंबती ठेवावी. जेथे निश्चिती नाही तेथे ती दाखवू नये आणि तरीही मर्यादा मात्र आखता यावी, हे प्रौढ वाचनाचे लक्षण आहे.

क्रम आणि कारण

घटना क्रमाने लागल्या की मुले लगेच कारणे जोडू लागतात. ‘धरण झाले म्हणून खेड्डा बंद पडला’, असे वर्गात कोणीतरी म्हणतेच. सुतळीकडे पाहिले तर शेवटचा खेड्डा १९७१ चा आणि धरण पुरे झाले १९७४ साली. परिणाम कारणाच्या आधी येऊ शकत नाही, तेव्हा हे विधान चुकीचे, असे चलाख विद्यार्थी म्हणेल. येथे घाई करू नये. १९७४ हे धरण पुरे झाल्याचे वर्ष आहे. धरण एका दिवसात उभे राहत नाही. आखणी, भूमिसंपादन, गावे उठविणे, बांधकाम आणि पाणी अडविणे असा कित्येक वर्षांचा तो व्यवहार असतो, आणि कबिनीचे काम १९७१ च्या पुष्कळ आधी सुरू झालेले होते. म्हणून धरणाची पट्टी टाचणीने टोचण्याऐवजी तिची लांब फीत करावी. तसे केले की पहिले विधान सिद्ध होत नाही, पण अशक्यही ठरत नाही. ते तपासण्यासाठी आणखी वाचावे लागेल, एवढेच म्हणता येते.

ह्याच जोडीने आणखी एक पट्टी वर्गास द्यावी. भारतीय संसदेने वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली संमत केला आणि १९७७ साली हत्तीचा समावेश त्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. १९७१ चा खेड्डा ‘शेवटचा’ ठरला ह्याच्याशी ह्या कायद्याचा संबंध काय? १९७२ चा कायदा १९७१ मधील घटनेचे कारण होऊ शकत नाही. मात्र १९७१ नंतर पुन्हा खेड्डा का झाला नाही, ह्या प्रश्नाच्या उत्तरात त्याला स्थान असू शकते. हे दोन प्रश्न दिसतात सारखे, पण आहेत वेगळे. शिवाय ‘शेवटचा’ हा शब्द नेहमी मागाहून लावला जातो. १९७१ साली तो खेड्डा पाहणाऱ्यांस हा शेवटचा आहे हे ठाऊक होते किंवा कसे, हे त्या वाक्यावरून सांगता येत नाही.

कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून कावळ्याच्या भाराने फांदी मोडली असे होत नाही. आपल्याकडे ह्यास काकतालीय न्याय असे नाव दिलेले आहे. क्रम हा कार्यकारणभावाचा आवश्यक भाग आहे, पण तेवढाच त्याचा पुरावा नव्हे. महाराष्ट्रातील कोयनेचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. कोयना धरणाच्या मागे १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाणी साठू लागले, त्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला. ‘नंतर झाला म्हणून त्यामुळे झाला’ एवढ्यावर शास्त्रज्ञ थांबले नाहीत. जलाशयातील पाण्याची पातळी आणि धक्क्यांचे प्रमाण ह्यांच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षे शेजारी ठेवून पाहिल्या. जलाशयामुळे चेतविल्या जाणाऱ्या भूकंपांचे कोयना हे आज जगातील एक प्रमुख उदाहरण मानले जाते, ते ह्या सातत्यपूर्ण नोंदींमुळे. एकदा आलेला क्रम शंका उत्पन्न करतो. पुनःपुन्हा आलेला क्रम, त्यामागील यंत्रणेच्या स्पष्टीकरणासह, पुराव्यास बळ देतो.

घरच्यांचा काळ आणि कागदावरचा काळ

दुसऱ्या तासिकेनंतर मुलांना एक काम घरी द्यावे. घरातील अथवा वस्तीतील वडीलधाऱ्या माणसास विचारून त्याच्या आयुष्यातील पाच गोष्टी क्रमाने लिहून आणाव्यात. ह्यात एक अडचण येते आणि ती उपयुक्त असते. वडीलधारी माणसे बहुधा वर्ष सांगत नाहीत. महाराष्ट्रातील आजीबाई ‘भूकंपाच्या साली’, ‘पानशेतचा पूर आला तेव्हा’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’ असे म्हणते. कबिनीच्या परिसरातील माणूस ‘धरणाच्या आधी’ आणि ‘धरणानंतर’ असे म्हणेल. मध गोळा करणारा जेनु कुरुब कदाचित मधाच्या हंगामावरून सांगेल. हा काळ कमी खरा नाही. त्याची टाचणी वर्षाऐवजी घटनेत रोवलेली असते, एवढेच. मुलाने काय करावयाचे, तर ती घटना कोणत्या साली झाली हे शोधून आजोबांची आठवण सुतळीवर योग्य जागी लावावयाची. पानशेतचा पूर १९६१ चा, कोयनेचा भूकंप १९६७ चा, कबिनीचे धरण १९७४ चे. बोलीतील काळ आणि पुस्तकातील काळ ह्यांचा सांधा येथे जुळतो. ज्या मुलाच्या घरी शाळेच्या भाषेहून निराळी भाषा बोलली जाते, त्याला ह्या कामात विशेष मान मिळतो. कारण जी माहिती इतर कोणाजवळ नाही ती त्याच्या घरी असते.

हे कौशल्य केवळ परीक्षेपुरते आहे असे समजणे चूक होईल. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी ह्यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा अधिनियम २००६ साली संमत झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी अधिसूचित करण्यात आले. नागरहोळेच्या परिसरातील आदिवासी कुटुंबांनीही ह्या कायद्याखाली दावे केलेले आहेत. ह्या कायद्याचा गाभा पाहिला तर तो घटनाक्रमाचाच आहे. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला पाहिजे. इतर पारंपरिक वननिवासींचे वास्तव्य त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे असावे लागते, आणि एक पिढी म्हणजे पंचवीस वर्षे असे कायदा म्हणतो. दावा प्रथम ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीपुढे, मग जिल्हा समितीपुढे जातो. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे दाद मागण्यास साठ दिवसांची मुदत आहे आणि ती ठराव संमत झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. ठराव कानावर आल्याच्या दिवसापासून नव्हे. ‘पासून’ ह्या एका शब्दाचा अर्थ चुकला तर मुदत निघून जाते.

ह्याच नियमांत पुराव्यांच्या यादीमध्ये दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले निवेदन ग्राह्य धरले आहे. म्हणजे आजोबांची आठवण हा पुरावा होऊ शकतो, परंतु ती कागदावर अशी उतरली पाहिजे की वाचणाऱ्यास आधी काय व नंतर काय हे कळावे. कुटुंब रानात केव्हापासून होते, कोणत्या घटनेनंतर उठले, कोठे गेले, परत केव्हा आले, ह्यांचा क्रम विस्कटलेला असेल तर सत्य निवेदनही संशयास्पद वाटू लागते. ज्या घरात शाळेत जाणारे पहिले मूल आहे तेथे हा कागद वाचण्याचे आणि कित्येकदा लिहिण्याचेही काम त्या मुलाकडेच येते. सातवीच्या वर्गात सुतळीवर लावलेल्या आठ पट्ट्यांचे मोल तेव्हा कळते.

परीक्षण

पाठ साधला किंवा नाही हे पाहण्यासाठी सनावळी पाठ करून घेण्याचा काही उपयोग नाही. एक अपरिचित उतारा द्यावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात. विद्यार्थी छापलेला क्रम मोडून घडलेला क्रम लावू शकतो काय? ज्या घटनेचे वर्ष दिलेले नाही तिच्या मर्यादा तो आखू शकतो काय? आणि उताऱ्यात जे सांगितलेले नाही ते ‘सांगितलेले नाही’ असे म्हणण्याचे धैर्य त्याला आहे काय? तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. कारण काहीतरी उत्तर दिलेच पाहिजे अशी सवय शाळेनेच लावलेली असते. ‘ह्या उताऱ्यावरून सांगता येत नाही’ ह्या उत्तरास, ते योग्य असेल तेथे, पूर्ण गुण दिले पाहिजेत.

महाराष्ट्रातील अध्यापकांना हाच पाठ कोयना खोऱ्यावर घेता येईल. धरण आणि शिवसागर जलाशय, १९६७ चा भूकंप, १९८५ साली झालेले कोयना अभयारण्य आणि चांदोलीसह २०१० साली अस्तित्वात आलेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, असा तेथील क्रम आहे. कबिनीच्या सुतळीशेजारी ही सुतळी ताणली तर एक साम्य ताबडतोब दिसेल : दोन्हीकडे धरण आधी पुरे झाले आणि व्याघ्र प्रकल्प नंतर आला. एक भेदही दिसेल : नागरहोळेचे अभयारण्य धरणाची पूर्तता होण्याच्या आधीचे आहे, कोयनेचे नंतरचे. ह्या भेदामुळे दोन्हीकडील माणसांच्या वाट्यास काय निराळे आले, हे ह्या सुतळ्या सांगत नाहीत. परंतु तो प्रश्न मुलांस विचारता येऊ लागतो तो सुतळ्या शेजारी ताणल्यानंतरच, आणि पुढील पाठाचा आरंभ त्याच प्रश्नापासून करावा.